राखलेली हाक

शेठाणीने दोन्ही कानांवर हात दाबले तेव्हा मी खुशीत होतो. गिरगावातल्या आमच्या दुकानात काउंटरवर मीच बांधलेला तीन व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मांडला होता. शेठच्या घरी लग्न होतं, मांडवात रेकॉर्डी मोठ्याने वाजायला हव्या होत्या, आणि बटण फिरवत फिरवत मी गाणं अगदी मनासारखं आणून ठेवलं होतं. बघा, कसा स्वच्छ आवाज निघतोय, असं मी म्हणालोसुद्धा. शेठचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं, रस्त्यावरचे दोघे-तिघे दारात थांबून दात काढत होते, आणि मी समजत होतो की एवढ्याशा पेटीतून एवढा आवाज निघालेला पाहून मंडळी थक्क झाली आहेत. मालक आतून धावत आले आणि त्यांनी बॅटरीची वायर हिसकली. सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पेटी शिट्टी मारत होती. बाहेर पडणारा आवाज चोरवाटेने परत आत शिरला की ॲम्प्लिफायर असा किंचाळतो, बारीक आणि उंच, कानात सुई घातल्यासारखा. ती शिट्टी शोधायची आणि मारायची याचाच तर मला पगार मिळत होता. त्या दिवशी ती अख्ख्या गल्लीला ऐकू आली आणि मला आली नाही. दुकान बंद करताना मी मागे राहिलो आणि बटण पुन्हा त्याच जागी आणलं. मीटरचा काटा थरथरत होता, कानात मात्र काहीच नव्हतं. शेवटी कर्ण्याच्या पत्र्यावर बोट टेकवलं. बोटाला शिट्टी लागत होती.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत बाकीचे आवाजही एकेक करून गेले, तेव्हा मालकांना मी आई आजारी असल्याचं सांगितलं. ते त्यांना पटलं नसावं, कारण कसला आजार हे त्यांनी विचारलंच नाही. भाऊच्या धक्क्यावरून मुरुडच्या आगबोटीत बसलो तेव्हा माझ्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात कपडे तळाला, वर सगळा माझा संसार: व्हॉल्व्ह कापसात गुंडाळलेले, तांब्याच्या बारीक तारेची रिळं, टेलिफोनमधून काढलेला कोळशाच्या बुक्क्याचा मायक्रोफोन, हेडफोनची जोडी, कोरड्या बॅटऱ्या. लग्न मी केलं नव्हतं. माणसांपेक्षा व्हॉल्व्हशी माझं बरं जमायचं. व्हॉल्व्ह बिघडला तर का बिघडला ते सांगता येतं. आगबोटीच्या इंजिनाचा धडधडाट पायांतून वर येत होता, शेजारचा म्हातारा माझ्याशी काहीतरी बोलत होता आणि मी मान हलवत होतो. मान हलवण्याची कला मी त्या महिन्या-दोन महिन्यांत चांगलीच आत्मसात केली होती. हसणाऱ्याबरोबर हसायचं, गंभीर झालेल्याबरोबर गंभीर व्हायचं, आणि प्रश्न विचारल्यासारखं तोंड दिसलं की खोकायचं. किनारा जवळ आला, कासा किल्ला समुद्रात बसलेला दिसला, लाटा खडकांवर येऊन फुटताना दिसल्या. दिसल्याच फक्त. आवाज नसलेली लाट फार मूर्ख दिसते, नुसतं तोंड उघडते आणि मिटते.

कोळीवाड्यातल्या आमच्या घरी तेव्हा दोनच माणसं होती. आई, म्हणजे सोनूबाई, आणि केसरवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ म्हणजे अनंतादादा. तो चार-पाच वर्षांपूर्वी एकटाच लहान होडी घेऊन कास्याच्या बाजूला जाळं बघायला गेला होता आणि तसाच राहिला. वादळ नव्हतं, वारा नव्हता, वैशाखातलं धुरकट ऊन होतं. ना होडी आली, ना तिची फळी, ना तो. मी आलो म्हणून आईला आनंद झाला, पण तो तिने नेहमीप्रमाणे रागावून दाखवला. मी किती वाळलो, मुंबईचं पाणीच कसं वाईट, हे सगळं ती माझ्याकडे पाठ करून चुलीशी बोलत असावी, कारण तिचे खांदे हलताना दिसत होते. मागच्या दाराबाहेर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यापलीकडे वाळू आणि पाणी. या घरात मी लहानपणी झोपायचो तो समुद्राच्या आवाजावर. आता दार उघडं असो की बंद, मला सारखंच होतं.

आमच्या कोळीवाड्यात एक रीत आहे. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला द्यायची नाही, तिसरी आली की मगच द्यायची. मेलेल्या माणसाला दोनच हाका मारता येतात, तिसरी हाक जित्या माणसाचीच, असं आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. लहानपणी मी एकदा पहिल्याच हाकेला ओ दिली म्हणून आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता, आणि हाक तर तिनेच मारली होती. मुंबईत मी हे सगळं विसरून गेलो होतो. आता संध्याकाळी आई मला बोलवायची, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अगदी जवळ येऊन ओरडायची तेव्हा मी ओ द्यायचो. शेजारच्या भागूबाईला आई अभिमानाने सांगायची की पोरगा एवढी वर्षं साहेबाच्या मुंबईत राहिला, पण घरचं वळण सोडलं नाही. हे वहिनीने मला नंतर सांगितलं. तिन्हीसांजेपुरतं माझं बहिरेपण हे वळण ठरलं, बाकी दिवसभर मी पेटीच्या नादात असतो असं ठरलं. माझं भलतंच छान चाललं होतं.

दादाच्या बाबतीत ती रीत उलटी लागू होते. समुद्राने ज्याला ठेवून घेतलं आणि देह परत दिला नाही, त्याची हाक पुरी करावी लागते. ओहोटीच्या वेळी, सूर्य बुडताना, आईने घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून समुद्राकडे तोंड करून तीन वेळा नाव घ्यायचं, आणि घरच्या एका माणसाने मागे उभं राहून ऐकायचं. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही असं ऐकणाऱ्याने सांगितलं की माणूस गेला. मग बायकोचं कुंकू पुसतात, आणि तिला हवं असेल तर ती पाट लावून दुसरा संसार मांडू शकते. बायकोने ऐकलेलं मात्र धरत नाहीत. तिला भास होतात म्हणे. दादा गेल्यावर काही दिवसांनी जाणत्यांनी समजावून आईला पाण्यात उभं केलं. मीही तेव्हा मुंबईहून आलो होतो आणि ऐकायला काका उभे होते. आईने पहिली हाक मारली, दुसरी मारली, आणि मग तिने तोंड मिटलं. आम्ही वाट बघत राहिलो. ती पाण्यातून बाहेर आली, लुगडं पिळलं आणि घरी जाऊन चूल पेटवली. कुणी काही बोलायला गेलं की ती एवढंच म्हणायची की माझ्या अनंताला मी शिकवलंय, दोन हाकांना तो ओ द्यायचा न्हाय. त्याची काय चूक? तिसरी हाक तिने तशीच राखून ठेवली होती. जोवर ती मारली नव्हती तोवर दादा मेला नव्हता, नुसता शहाण्या मुलासारखा गप्प होता. आणि तोवर केसरवहिनी रोज सकाळी कुंकू लावत होती.

ॲम्प्लिफायर मी मुरुडला बांधला तो स्वतःसाठी. मायक्रोफोनने ऐकावं, व्हॉल्व्हनी ते मोठं करावं आणि हेडफोनने माझ्या कानात ओतावं, एवढीच कल्पना. फणसाची जुनी फळी तासून घेतली, तिच्यावर तीन व्हॉल्व्ह ओळीने बसवले, ट्रान्स्फॉर्मरसाठी पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचे हजारो वेढे हाताने घातले. खारी हवा माझ्याशी वैर धरून होती. आज चकचकीत केलेला सांधा दोन दिवसांत हिरवा पडायचा, मेणकागदाच्या कंडेन्सरला दमट हवा लागून वीज गळायची. तेजाबाची बॅटरी गावातल्या भाताच्या गिरणीवर इंजिनाला जोडून भरून आणावी लागे. आईला व्हॉल्व्ह म्हणजे दिवे वाटत होते आणि ते पेटल्यावर आत जेमतेम लाल तार दिसते हे बघून तिची निराशा झाली. एवढ्या खटपटीचे दिवे आणि उजेड बिडीएवढा, असं ती म्हणाली. ज्या दुपारी सगळं जुळलं त्या दुपारी मी मायक्रोफोन मागच्या दाराच्या चौकटीला टांगला, हेडफोन चढवला, आणि मला समुद्र ऐकू आला. मी रडलो. मोठा माणूस भर दुपारी एक फळी मांडीवर घेऊन रडतो हे शोभत नाही, पण बघायला कुणी नव्हतं.

मग हळूहळू मला त्या ऐकण्याची भीती वाटू लागली. दोन कानांनी ऐकताना आवाज कुठून आला ते कळतं. या पेटीला कान एकच होता, त्यामुळे जे यायचं ते दिशेशिवाय यायचं, थेट डोक्याच्या मध्यभागी. वाळूवरून चाललेला कुत्रा माझ्या डोक्यात चालायचा. पलीकडच्या घरातली पाट्यावर फिरणाऱ्या वरवंट्याची खरखर माझ्या कपाळामागे व्हायची. एकदा कुणीतरी अगदी चिकटून श्वास घेत असल्यासारखं वाटलं म्हणून मी दचकून वळलो, मागे कुणी नव्हतं. आई तिकडे अंगणाच्या टोकाला, माडाखाली झोपली होती. डोळे एक जग दाखवत होते आणि कान दुसरंच, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मुंबईत ऐकू येत नव्हतं तेव्हा मी एकटा पडलो होतो. इथे मला उलट वाटायचं की मी कधी एकटा नसतोच.

आणि ती ओ. मधला व्हॉल्व्ह सैल होता. असं होतं, काचेच्या आतली तार जरा ढिली पडली की व्हॉल्व्ह स्वतःच ऐकायला लागतो, त्याला टिचकी मारली तर हेडफोनमध्ये घंटेसारखा घुमतो. हे मला पाठ होतं. तरी पहिल्यांदा मी फळी जमिनीवर ठेवली आणि हेडफोनमध्ये ओऽऽ असं लांबट, विरत जाणारं उमटलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोलीत काही बोललं, भांडं आपटलं, की मागोमाग पेटी ओ द्यायची. त्यात माझ्या घरातली रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती. ती पहिल्याच हाकेला द्यायची. मी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून त्या व्हॉल्व्हच्या बैठकीखाली घातलं, काचेभोवती लोकरीची चिंधी गुंडाळली, आणि ओ बंद झाली. टिचक्या मारून, खाकरून, नाव घेऊन सगळी तपासणी केली. पेटी गप्प होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. जिथून उत्तर येत होतं तिथून ते येईनासं झालं म्हणजे तिथे कुणी उरलं नाही असं होत नाही, असा काहीतरी वेडा विचार मनात आला आणि मी हेडफोन काढून ठेवला.

माझं गुपित वहिनीने ओळखलं. तिने मला जाळ्यात पकडलं म्हणायला हरकत नाही. एका सकाळी मी पाठमोरा बसून तार गुंडाळत होतो आणि ती दाराशी उभी राहून मला हाका मारत होती. मी ओ दिली नाही. सकाळी तर तीन हाकांची रीत नसते. ती पुढे आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिने आवाज न करता नुसते ओठ हलवले. मी सवयीने मान हलवली. तिने पुन्हा तसेच हलवले. मी पुन्हा मान हलवली, वर हसलोही. मग ती मोठ्याने, स्पष्ट बोलली.

"भावजी, मी काय पण बोलले न्हाय आता."

माझी इतकी लाज कुणी कधी काढली नव्हती. पण ती हसली नाही. आत्याबायला, म्हणजे आईला, सांगणार न्हाय, एवढं म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली. हळूहळू तिने स्वतःचंही सांगितलं. राजपुरीचा कान्हा तिच्यासाठी थांबला होता. दादाबरोबरचाच, होडी चालवणारा तांडेल, बायको बाळंतपणात गेलेली, साधा माणूस. दोन वर्षं थांबला होता, पण आता त्याच्या घरचे आगोटीच्या आत दुसरीकडे ठरवणार होते. पावसाने आगबोटी बंद झाल्या, होड्या वर ओढल्या, की मग विषयच संपला. तिचं वय काही फार नव्हतं. दिवसभर सासूबरोबर मासे निवडायचे, संध्याकाळी परत न येणाऱ्याच्या नावाने दिवा लावायचा, आणि कुंकवासाठी कुणाला काही बोलायचं नाही, कारण कुंकू असणं हे भाग्याचं असतं. आत्याबाय तुमचं ऐकते, तिला एकदा सांगा, असं ती म्हणाली. तिने हात जोडले असते तर मी टाळलं असतं. तिने हात जोडले नाहीत, ती तारेच्या रिळाकडे बघत राहिली.

आईला मी सांगितलं ते माझ्या पद्धतीने, म्हणजे वाईट. वहिनीचा विचार कर म्हटलं. आईने भांडं आदळलं. केसरला काय कमी आहे, पोटच्या पोरीसारखी ठेवलीय, कधी तोंडातून तक्रार आली का तिच्या, असं बरंच काही ती बोलली आणि मी तिचे ओठ वाचत राहिलो. मला वाद घालता येईना, कारण अर्धे शब्द हातून निसटत होते. मग मी चिडून हेडफोन उचलला आणि तिच्या डोक्यावर चढवला, की तूच ऐक, तुला घरातलं काय ऐकू येतं ते. वहिनी तेव्हा मागच्या पडवीत करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती, आमच्याकडे पाठ करून, नेहमीसारखी ताठ. मायक्रोफोन तिच्या डोक्यावरच चौकटीला टांगलेला होता. मला तिथे काय होतं ते माहीत होतं. मी रोज ऐकत होतो. आई आधी हेडफोनशी झगडली, मग एकदम थांबली. तिचे डोळे वहिनीच्या पाठीवर खिळले. पाठ हलत नव्हती, हात चालूच होते. आई खूप वेळ ऐकत होती. हेडफोन काढून तिने तो जपून, तान्हं मूल ठेवावं तसा फळीवर ठेवला आणि माझ्या जवळ तोंड आणून विचारलं.

"रोजची रडते ही?"

रोज, मी म्हणालो. आई उठून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं की ती तिसरी हाक मारेल. पण अट घातली. काका आता नव्हते, ऐकायला मी उभं राहायचं, आणि नुसत्या कानांनी नाही, पेटीने. माणसाचा कान वाऱ्याला चुकतो, पेटी चुकायची नाही. केसर एवढी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर रडत होती ती मला ऐकू आली नाही, पेटीला आली. माझा पोरगा लांबून ओ देईल, हळू देईल, ती वाया जाता कामा नये. असं ती म्हणाली आणि मला हसूही येईना, रडूही येईना. सगळ्या कोळीवाड्यात जो एक माणूस ऐकायला नालायक होता त्याला तिने ऐकायला निवडलं होतं.

वहिनीने अट लगेच मान्य केली. फार लगेच केली, असं मला वाटलं. भावजींचीच पेटी बरी, असंही ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता कामाला लागली. मला ते लागलं. तिला मी बहिरा आहे हे ठाऊक होतं. पेटी म्हणजे तिच्या लेखी माझं खेळणं होतं. बहिऱ्याच्या कानाला उत्तर येण्याची भीती नसते. तिने असा हिशेब केला असेल तर त्यात तिचं काय चुकलं, हेही मला कळत होतं, आणि तरी मला तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अगं, पेटी खरंच ऐकते. सांगितलं नाही. गिरणीवर जाऊन बॅटरी भरून आणली, मायक्रोफोनमधला कोळशाचा बुक्का दमटून बसला होता तो हलवून मोकळा केला, मधल्या व्हॉल्व्हची चिंधी घट्ट केली. त्याच्यासमोर मी दादाचं नाव घेऊन बघितलं. पेटी गप्प राहिली. मी पुन्हा घेतलं. मी उत्तराची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर मी तिथून उठलो.

ओहोटी सूर्य बुडायच्या सुमाराला होती त्या दिवशी आम्ही तिघंच किनाऱ्यावर गेलो. वारा पडला होता, पाणी तेल ओतल्यासारखं, आणि धुरकट हवेत कासा किल्ला कधी दिसत होता कधी नाही. वाळूत पालथ्या घातलेल्या होडीवर मी फळी ठेवून बसलो. वल्हं वाळूत रोवून त्याला मायक्रोफोन बांधला, समुद्राकडे तोंड करून. त्याची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून वहिनी वल्ह्याजवळ वायर हातात धरून उभी राहिली. आई चालत पुढे गेली, ओल्या वाळूवरून, आणि घोट्याएवढ्या पाण्यात थांबली. मी हेडफोन चढवला. वहिनीच्या बांगड्या माझ्या डोक्यात वाजल्या, तिचा श्वास आला, मग त्याच्यामागे समुद्राचं अखंड हुं. चार-पाच वर्षांपूर्वी इथेच दोन हाका झाल्या होत्या. दोन आणि तीनच्या मध्ये एवढी वर्षं गेली, दोन पावसाळ्यांनी आमच्या घराचं छप्पर नेलं, काका गेले, माझे कान गेले, आणि त्या दोन हाका कुठेतरी तशाच उघड्या राहिल्या होत्या. ज्याने त्या ऐकल्या असतील तो तेव्हापासून तिसरीसाठी कान देऊन उभा असेल, हा विचार मला तिथे बसल्यावर सुचला. आधी सुचला असता तर मी आईला यात पडू दिलं नसतं.

"अनंताऽऽ"

आईचा आवाज म्हातारा नव्हता. पोरं उन्हात खेळत असताना जेवायला बोलवायची तो तिचा आवाज होता. तो माझ्या डोक्यात भरला, पेटीची तार तापली, आणि मग ओसरला. समुद्राचं हुं. वहिनीचा श्वास. मग तोही नाही. तिने तो धरून ठेवला होता.

ओ आली. मधल्या व्हॉल्व्हची घंटा मला ओळखता येते. ही घंटा नव्हती. झोपेतून उठून पलीकडच्या खोलीतून द्यावी तशी होती, जरा ओढलेली, जरा वैतागलेली. दादा तशीच द्यायचा. ती कुठून आली ते मला कळलं नाही. मी सांगितलं ना, पेटीला दिशा नसते. ती माझ्या कपाळाच्या आत होती, ती माझीच असू शकत होती, इतकी वर्षं डोक्यात साठलेली. तारेची, कोळशाच्या बुक्क्याची, हजार कारणं मला माहीत होती आणि मी ती एकामागून एक धरायला निघालो होतो. पण वहिनीचं डोकं वळलं होतं. तिच्या कानांवर काही नव्हतं. ती कास्याच्या डाव्या अंगाला, जिथे धुरकट हवेत नुसतं पाणी होतं, तिथे बघत होती. दिशा मला तिने दाखवली.

आई वळली. ती वहिनीकडे बघत नव्हती. बायकोने ऐकलेलं धरत नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. एवढ्या लांबून मला तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसती हनुवटी वर झालेली दिसली, काय म्हणून विचारायला. वहिनीने मान खाली घातली. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं, विनवणीने, निदान भीतीने. पण ती वाळूकडे बघत राहिली. माझ्या डोक्यात पुन्हा ओ आली, या वेळी जरा मोठी, ओ दिल्यावर कुणी पुढे काही बोलत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा देतो तशी. मला भीती वाटत होती. मला दादाचा फार लोभ होता हेही मला तेव्हाच कळलं. आणि पडवीत करंदी सोलताना जे मी रोज ऐकत होतो ते मला आठवत होतं. मी आईकडे बघून मान हलवली. न्हाय.

आई पाण्यातून आली, वहिनीसमोर थांबली आणि ओल्या अंगठ्याने तिचं कुंकू पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, कपाळावर लाल फराटा उठला, तेव्हा पदराने पुसलं. तिने वहिनीच्या गालावरून हात फिरवला आणि घराकडे चालू लागली, पाठ वाकवून, घाईने, घरी कुणी जेवायचं थांबल्यासारखी. वहिनी वायर गुंडाळत गुंडाळत वल्ह्याच्या आणखी जवळ सरकली. तिथे थांबली. मायक्रोफोन तिच्या तोंडाशी होता, आणि हेडफोन अजून माझ्या कानांना लावलेला आहे हे तिला दिसत होतं. तिने समुद्राकडे पाठ केली.

"भावजी," तिचा कुजबुजता आवाज माझ्या डोक्यात आला, "थांबली का ती ओ?"

ती थांबली नव्हती. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, आणि मग तिला म्हणालो, थांबली.